इस्त्रीबाईचा हलका हात

४ जानेवारी, मंगळवार

मुंगे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राला कोणी उचलावं लागत नाही, ते दाराखालून आपलं आपण आत येतं. फाडून टाकायचं असेल तर टाक, पण फाडताना तुझी नजर दोन ओळींवर पडणारच, तेवढी मी तुला ओळखते. म्हणून त्या दोन ओळी आधीच लिहिते. तुझ्या उजव्या हाताची सूज कशी आहे? आणि त्या हाताला तू मला पुन्हा कधी हात लावू देणार आहेस का?

आता बाकीचं. तुला जाऊन चार महिने झाले. मामा सांगतो की तिकडे दुसऱ्या गावी तू कपड्यांच्या कारखान्यातल्या मैत्रिणीबरोबर राहतेस, दुसऱ्या मजल्यावर, आणि खोलीत एकच खिडकी आहे. खिडकी एक असली तरी चालेल, पण कापड कापायला उजेड डावीकडून येतो का ते बघ.

माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. तेहतीस वर्षं मी लोकांची अंगं रगडते आहे. पाठ धरलेली, मान आखडलेली, पाय मुरगळलेली माणसं वाकत आत आली आणि ताठ बाहेर गेली. लोक मला उगाच इस्त्रीबाई म्हणत नाहीत. माझ्या टेबलावर ओरडला नाही असा माणूस विरळा, आणि ओरडून गेल्यावर परत आला नाही असाही विरळा. शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहिताना तूच ऐटीत 'मालीश तज्ज्ञ' असं लिहायचीस, विसरलीस वाटतं.

तुझं ऑपरेशन झालं, छातीतली गाठ गेली, काखेतल्या ग्रंथीही काढल्या, तू कामाला लागलीस. आठ महिन्यांनी हात सुजला. घरात मालीशवाली आई असताना मुलीच्या हाताला आणखी कोणी हात लावायचा? तीन दिवस मी गरम तेल घेऊन मनगटापासून खांद्यापर्यंत जोर लावून चोळलं, वर गरम टॉवेल गुंडाळले. चौथ्या दिवशी तुला ताप भरला, हात लालभडक झाला, आणि आठवडाभर तू इस्पितळात सलाईनवर. घरी आलीस ती बॅग भरायलाच. दारात म्हणालीस, "आई, तुझे हात माझ्या अंगाला पुन्हा लावू नकोस."

ताप काय, कोणालाही येतो. हात सुजलेलाच होता. एवढं लिहून हा विषय मी बंद करते.

मालीशचं काम सध्या बंद ठेवलंय. टेबलाचा पाय मोडलाय.

आई

ता. क. चुकून फोन करावासा वाटलाच, तर बुधवारी करू नकोस. बुधवारी मी घरी नसते. कुठे असते ते सांगणार नाही.

२० जानेवारी

मुंगे,

टेबलाचा पाय मोडलेला नाही. मामाने तुला ते सांगितलंच असेल, त्याच्या पोटात काही राहतं थोडंच. टेबल ठणठणीत आहे. मोडलीय ती मी. तू गेल्यापासून कोणाच्या अंगावर हात ठेवला की माझी बोटं जागच्या जागी थांबतात. समोरचा माणूस विचारतो, "काय झालं मावशी, सुरू करा की." मी म्हणते, टेबल हलतंय, पुढच्या आठवड्यात या. दोन महिने मी एकेकाला असंच घरी पाठवलं आणि मग तेही यायचे बंद झाले.

शेवटी रागाने उठले आणि तुझ्या त्या इस्पितळात गेले. सूज उतरवण्याचा जो विभाग आहे, तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपलीकडे, तिथे. सरळ सांगते, भांडायलाच गेले होते. तुझ्या कागदावर तिथल्या थेरपिस्ट बाईने 'घरी चुकीचे मालीश' असं लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं. म्हटलं बघू तरी, ही बरोबर मालीश करणारी कोण लागून गेली.

ती तुझ्याहून दोन वर्षांनी लहान निघाली. नखं अगदी आत कापलेली, आणि आवाज इतका हळू की भांडायला गेलेल्या माणसाला आपलाच आवाज ऐकू येतो. मी विचारलं, "तुम्ही असं काय करता, की ज्याला तासभर लागतो आणि कोणी ओरडत नाही?"

ती म्हणाली, "बसा. पेशंटची हरकत नसेल तर बघा."

पेशंट म्हणजे टपालखात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई, डावा हात उशीएवढा. त्या म्हणाल्या, बसू दे, मला तरी सोबत.

मुंगे, मी जे पाहिलं त्याला मी मालीश म्हणणार नाही. तेल नाही, घाम नाही, आवाज नाही. बाईंचा हात सुजलेला, आणि ही मानेवर बसलीय. गळ्याच्या हाडावरच्या खळगीत बोटं टेकवायची, कातडी तेवढी हळूच सरकवायची आणि सोडायची. सरकवायची, सोडायची. मांजरालासुद्धा याहून जोरात कुरवाळतात. मग पोट. मग चांगल्या बाजूची काख. अर्धा तास झाला तरी सुजलेल्या हाताकडे बघायला तयार नाही. मी दोनदा घसा खाकरला. टपालवाल्या बाई तर घोरायला लागल्या.

मी म्हटलं, "अहो, हात राहिला."

"हात शेवटी," ती म्हणाली, आणि मग समजावून सांगितलं. ते तुलाही कोणी सांगितलं नसेल तर म्हणून लिहिते. रक्तातून पाझरलेलं पाणी अंगभर फिरतं, त्याला लसिका म्हणतात. ते परत नेणाऱ्या नळ्या अगदी बारीक, आणि त्यातल्या कितीतरी कातडीच्या लगेच खाली. काखेतल्या ग्रंथी म्हणजे त्यांच्या वाटेवरचं नाकं. तुझं ते नाकंच काढून टाकलंय, म्हणून हाताचं पाणी तुंबतं. आता ते दुसऱ्या वाटेने न्यायचं, छातीवरून पलीकडच्या काखेकडे, कुशीवरून खाली जांघेकडे. आणि पुढची वाट मोकळी केल्याशिवाय मागचं हलवायचं नाही. नाटक सुटल्यावर आधी दाराजवळची माणसं बाहेर पडतात, मग मागच्या रांगा. मागच्यांनीच रेटा दिला तर चेंगराचेंगरी होते. जोर लावला की त्या बारीक नळ्या दबतात, आणि वरून ऊन शेक दिला की पाणी आणखी गोळा होतं.

तीन दिवस मी मागच्या रांगेतून रेटत होते आणि पुढे दार नव्हतंच.

हे मी फक्त कळवते आहे. कबूल काही करत नाही.

आई

११ फेब्रुवारी

मुंगे,

बुधवारी मी कुठे असते ते एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. मी शिकायला जाते. हसून घे.

वर्गात आम्ही दहा जण. नऊ जण शिकलेसवरलेले, कोणी नर्स, कोणी फिजिओथेरपिस्ट, आणि दहावी मी, चष्मा नाकावर आणि वही मांडीवर. मला मोठं प्रमाणपत्र मिळणार नाही, मदतनीस म्हणून मिळेल, आणि काम करायचं ते त्या बाईच्या देखरेखीखालीच. ऐकून नाकाला मिरच्या झोंबल्या. पण मग म्हटलं, तेहतीस वर्षं कोणाच्या देखरेखीखाली नव्हते, त्याचा शेवट काय झाला ते दिसलंच. तिला मी आता गुरुबाई म्हणते. आधी टोमणा म्हणून म्हणायचे, आता तोंडात बसलंय.

पहिल्या दिवशी तिने मला तिच्या मानेवर हात ठेवायला सांगितलं. मी ठेवला.

"कमी," ती म्हणाली. मी कमी केला.

"अजून कमी." केला.

"अजून."

मी वैतागून हात उचललाच. तर म्हणते, "आता जवळ आलात."

नऊच्या नऊ जण हसले. मीही हसले, पण कान तापले होते. बाकीच्यांना नव्याने शिकायचंय, मला आधी सगळं विसरायचंय, आणि विसरायला डोकं लागतं तेवढं शिकायला लागत नाही. माझ्या अंगठ्यांना तर सवय अशी, की कातडी दिसली की हाड शोधायला निघाले.

गुरुबाईने मला एक घरचा अभ्यास दिला, फक्त मला. डोळे मिटायचे आणि आपल्याच पापणीवर बोट ठेवून कातडी सरकवायची. पापणीला जेवढं सोसेल तेवढाच जोर. रोज सकाळी पंधरा मिनिटं मी खिडकीजवळ बसून हेच करते. परवा शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "काय हो, रडताय का?" मी म्हटलं, "अभ्यास करतेय." तिचा काही विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी ती अगदीच चुकीची नव्हती.

रविवारी मामाच्या मानेवर हात बसवते. पहिल्यांदा त्याने दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली, माझा जुना हात त्याच्या लक्षात आहे. पाच मिनिटांनी विचारतो, "सुरू कधी करणार?" दहा मिनिटांनी तोंड उघडं टाकून झोपला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताखाली कोणी झोपलं. ते ध्यान मामाचं असलं म्हणून काय झालं, मला अभिमान वाटला.

जागा झाल्यावर तो म्हणाला की तुझा हात पुन्हा वाढलाय. अंगठा मोठ्या कात्रीच्या कडीत जात नाही, आणि कारखान्यात तुला कापायच्या टेबलावरून उठवून बटणं मोजायला बसवलंय. त्या गावात सूज बघणारं कोणी नाही, आणि इथे यायला तू तयार नाहीस, कारण इथे मी आहे. हे शेवटचं तो बोलला नाही. पण मी काही कुक्कुलं बाळ नाही.

तुझ्यासारखा कापणारा हात त्या कारखान्यात दुसरा नाही. बटणं कोणीही मोजेल.

आई

३ मार्च, गुरुवार

मुंगे,

काल वर्गात गुरुबाईने पडद्यावर एका हाताचा फोटो लावला. चेहरा नाही, नाव नाही. खांद्यापासून बोटांपर्यंत फक्त हात, लाल, तुकतुकीत, फुगलेला. म्हणाली, "या पेशंटच्या परवानगीने दाखवते आहे. काय करू नये ते नीट बघा."

कोपराखालचा तीळ मला दिसला. अंगठ्यावरचा कात्रीचा घट्टाही दिसला. तो हात मी अंघोळ घातलेला हात आहे, मला नाव कशाला लागतं?

ती सांगत होती. घरी तीन दिवस गरम तेलाने रगडलं. कातडी सोलवटली, जंतू शिरले, हाताला संसर्ग झाला. सूज आली ती ऑपरेशनमुळे, त्यात घरच्यांचा दोष नाही. पण संसर्गानंतर त्या हाताचं काम कायमचं अवघड झालं. सगळे लिहून घेत होते. माझ्या शेजारी बसणारी नर्स, चांगली मुलगी आहे, मला रोज पाणी आणून देते, ती म्हणाली, "असल्या मालीशवाल्या बायकांना कोणी आवरत कसं नाही?"

मीही वहीत लिहून घेतलं. 'गरम तेल नको.' असं लिहिलं, खाली रेघ मारली, आणि ती रेघ पुन्हा पुन्हा मारत बसले.

आजचं पत्र एवढंच.

आई

१० मार्च, गुरुवार

मुंगे,

काल वर्ग सुरू होण्याआधी मी उभी राहिले. आवाज माझा, तुला माहीत आहे, शेवटच्या बाकापर्यंत जातो. म्हटलं, "मागच्या बुधवारी जो हात दाखवला तो माझ्या मुलीचा. रगडणारी बाई मी. आणि एक गोष्ट गुरुबाईंना माहीत नाही, ती मी सांगते."

ती गोष्ट तुला माहीत आहे, पण मी कधी तोंडाबाहेर काढली नाही. पहिल्याच दिवशी तू म्हणाली होतीस, "आई, दुखतंय, डॉक्टरकडे जाऊया." दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणालीस. तिसऱ्या दिवशी तू हात मागे ओढून घेतलास आणि मी तो धरून पुढे ओढला. म्हणाले, "माझ्या हाताबाहेरचं दुखणं अजून जन्माला यायचंय." तेल, टॉवेल हे अडाणीपणाचं, ते एक वेळ कोणाकडूनही होईल. पण तू नको म्हणत असताना मी तुझा हात धरून ओढला. ते मालीशवालीने केलं नाही, ते तुझ्या आईने केलं. माझं चुकलं, मुंगे. ताप कोणालाही येतो असं मी जानेवारीत लिहिलं, ते खोटं होतं, आणि लिहितानाच मला ठाऊक होतं.

मग गुरुबाई म्हणाली, "बसा मावशी. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पेशंटच्या कागदावर आईचा नंबर असतो आणि तुम्ही तोच नंबर वर्गाच्या फॉर्मवर लिहिलात." म्हणजे बघ, मी दोन महिने चोरासारखी बसले होते आणि पोलीस समोरच फळ्यावर लिहीत होता.

नर्स मुलगी नंतर माझ्याकडे आली. माफी मागायला लागली. मी म्हटलं, "तू बरोबर बोललीस, मागे घेऊ नकोस. पाणी मात्र आणत जा."

घरी येताना मी ताठ चालत आले. चूक सांगून आलेल्या बाईने मान खाली घालून यावं असा रिवाज असेल, पण मला उलटंच वाटत होतं. तेहतीस वर्षांत मी यापेक्षा जड काही उचललं नव्हतं, आणि ते मी एकटीने उचललं.

तू उत्तर द्यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही.

आई

२७ मार्च, रविवार

मुंगे,

मी तुला हात लावणार नाही. तुझा डावा हात आहे ना, तो लावेल. गुरुबाई म्हणाली, पेशंटला स्वतःचं स्वतः करता येतं, रोज करावंच. तिने मला तुला लिहायची परवानगी दिली आहे, आणि हे पत्र तिने वाचून पाहिलंय, म्हणून अक्षर इतकं चांगलं आहे.

आधी तिची अट. हात लाल दिसला, गरम लागला किंवा अंगात कसर वाटली, तर यातलं काही करायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आईला विचारत बसायचं नाही.

आता कर. उताणी पड. पोटावर तळवा ठेव आणि पोट तळव्याला ढकलेल असा श्वास घे, पाच वेळा, सावकाश. तुझा श्वास नेहमी छातीतच अडकतो, लहानपणापासून. मग गळ्याच्या हाडावरच्या खळग्यांत बोटांचा सपाट भाग टेकव, टोकं नाही, आणि कातडी आत आणि खाली सरकव. बोट कातडीवरून घसरता कामा नये, कातडी बोटाबरोबर गेली पाहिजे. मग सोड. सोडणं महत्त्वाचं आहे, ते मला शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला. मग डावी काख, तेवढी उजव्या हाताने. मग उजवीकडची जांघ. मग छातीवरून उजवीकडून डावीकडे, आणि कुशीवरून खाली. मग दंड. दंड झाल्यावर कोपर, कोपर झाल्यावर मनगट, मग बोटं, आणि प्रत्येक वेळी वरच्या दिशेने. जोर किती लावायचा ते पापणीवर करून बघ.

कातडी लाल झाली तर जोर जास्त झाला. दुखलं तर जोर जास्त झाला. काहीच होत नाही असं वाटलं तर बरोबर चाललंय. शेवटी इस्पितळातून मिळालेली घट्ट बाही घालायची. ती न घालता कपाटात पडली असेल, मामाला विचारू नकोस मला कसं कळलं.

आई

१९ एप्रिल

मुंगे,

तुझं कार्ड आलं. 'मान किती वेळा?' एवढंच. मायना नाही, सही नाही, खुशाली नाही. टपाल्याने ते वाचून माझ्याकडे असं पाहिलं, जणू कोणीतरी मला धमकी दिलीय. मी ते कार्ड तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले आणि मामाला दोनदा दाखवलं. तो म्हणाला, "यात काय आहे एवढं?" त्याला काय कळतंय.

मान दहा वेळा. घाईत असलीस तर सात.

काल माझी परीक्षा झाली. बाहेरून परीक्षक आले होते, टाय लावलेले, कपाळाला आठ्या. समोर पेशंट म्हणून एक धिप्पाड बाई, पूर्वी रेल्वेच्या मालधक्क्यावर मुकादम होत्या. मी मानेपासून सुरू केलं. परीक्षकांनी आपली बोटं माझ्या बोटांखाली सरकवून जोर अजमावला. थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "बाई, जरा जोर लावा. फारच हलकं होतंय."

मुंगे, पुन्हा वाच. मला म्हणाले. इस्त्रीबाईला. जरा जोर लावा. गुरुबाईने तोंडावर रुमाल धरला, आणि मागे नर्स मुलगी खोकल्याचं नाटक करत बाहेर गेली. मी पास झाले. दहात तिसरी आले. पहिला नंबर आला असता, पण सूज दाबून ठेवणाऱ्या पट्ट्या बांधायच्या परीक्षेत माझ्या पट्ट्या जुने पोलीस पोटऱ्यांवर बांधायचे तशा घट्ट झाल्या. ते मला अजून यायचंय.

मे महिन्यापासून मी त्या विभागात बुधवारी आणि शुक्रवारी काम करणार आहे. पांढरा कोट मिळालाय. हात दोन इंच लांब आहेत त्याचे, तू असतीस तर उभ्या उभ्या कापून दिले असतेस.

आई

१२ मे

मुंगे,

तुझं दुसरं कार्ड: 'कोपराला फरक आहे. मनगट आणि बोटं तशीच.' गुरुबाईला दाखवलं. ती म्हणाली, कोपरापर्यंत तुझा हात चांगला चाललाय, पण त्यापुढे पट्ट्यांशिवाय भागणार नाही, आणि त्या आपल्या एका हाताने नीट बांधता येत नाहीत. दोन-तीन आठवडे यावं लागेल. बुधवारी किंवा शुक्रवारी सकाळी. तिच्याकडे नाव लाव, माझ्याकडे नको. तू आलीस तर मी त्या दिवशी पडद्यापलीकडे राहीन, किंवा सुट्टी घेईन. मी आहे म्हणून तुझं यायचं राहू नये, एवढंच मागते.

आई

१६ जून, गुरुवार

मुंगे,

काल तू आलीस. तू तिथे होतीस, मग हे लिहायचं कशाला, असं म्हणशील. पण मधला बराच वेळ तू झोपली होतीस, आणि त्यातलं तुला काही माहीत नाही.

गुरुबाईने तुला विचारलं, "मी करू, की आईने केलं तर चालेल?" मी कपाटातल्या पट्ट्या मोजत होते. बारा होत्या, मी पाच वेळा मोजल्या. तू म्हणालीस, "मान वगैरे करू दे तिला. बघू." त्या 'बघू'वर मी आत आले.

तू टेबलावर पडलीस, डोळे छताला लावून. मी मानेवर बोटं टेकवली तेव्हा तुझा खांदा वर आला, मामासारखा. मी थांबले, तो खाली येईपर्यंत थांबले, मग सुरू केलं. पोटाशी आले तेव्हा तुझा श्वास खाली उतरला होता. डाव्या काखेला तू एकदा सुस्कारा टाकलास. जांघेपर्यंत तुझा जबडा सैल पडला, आणि तू झोपलीस. माझ्या हाताखाली. तुझ्या लहानपणी तू मांडीवरसुद्धा इतक्या लवकर झोपायची नाहीस.

छाती झाली, कूस झाली. राहिला फक्त उजवा हात. तो चादरीवर पडला होता, अर्धी मूठ वळलेली. वाट सगळी मोकळी केलेली होती, पुढे जायचं एवढंच. आणि तू 'मान वगैरे' म्हणाली होतीस. हात म्हणाली नव्हतीस.

मी स्टूल ओढलं आणि बसले.

गुरुबाईने पडदा बाजूला करून विचारलं, "मावशी, हात राहिला?" मी म्हटलं, "झोपलीय. विचारलेलं नाही." ती म्हणाली, "मी उठवू का?" मी म्हटलं, "नको, किती दिवसांनी झोपलीय कोण जाणे." बाहेर पुढच्या पेशंट ताटकळत होत्या, त्या टपालवाल्या बाई, घड्याळाच्या पक्क्या. त्यांचं पुटपुटणं मला ऐकू येत होतं. वीस मिनिटं मी तुझा हात बघत बसले, लावला नाही. मुंगे, मला माझ्या हातांचा आयुष्यभर गर्व होता, ते काय काय करतात याचा. काल पहिल्यांदा, ते मांडीवर गप्प पडलेले असताना, मला त्यांचा अभिमान वाटला.

मग तू जागी झालीस. "संपलं?"

"हात राहिलाय," मी म्हटलं. "करू का?"

तू माझ्याकडे बघितलंस, मग घड्याळाकडे बघितलंस. किती वेळ मी बसले होते ते तेव्हा तुला कळलं असावं. तू हात उचललास आणि माझ्या तळव्यांवर ठेवलास. चांगला जड होता. दंडापासून सुरू केलं, आणि तुझ्या करंगळीपर्यंत पोचले तेव्हा तू जागीच होतीस, सगळं बघत होतीस. पुढचं तुला माहीत आहे. पट्ट्या यावेळी बऱ्या बसल्या.

शेवटची एकच गोष्ट. तू बाहेर गेलीस तेव्हा तुला वाटलं असेल मी हात धुवायला गेले. मी पडद्यामागेच होते. टपालवाल्या बाई तुझ्यावर डाफरल्या, "वीस मिनिटं जास्त. आत काय करत होत्या त्या बाई?" मला वाटलं, तू नेहमीसारखी खांदे उडवून निघून जाशील. तू थांबलीस. चप्पल घालता घालता, सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्याच आवाजात, म्हणालीस,

"आई आहे माझी. मी झोपले होते. विचारल्याशिवाय हात लावत नाही ती."

तुझी आई